खंडेनवमीला धुतलेली हॉकी

खंडेनवमीच्या सकाळी मी हॉकी राखेनं घासली आणि बंबातल्या कढत पाण्यानं धुतली. हॉकी माझी नव्हती. ज्याची होती त्याला ती घेऊन तिसऱ्या दिवशी खडकीला निवडीचा सामना खेळायला जायचं होतं.

एवढं एकदा सांगून टाकलं की पुढचं बोलायला मी मोकळा. कारण ती हॉकी आत्ता माझ्या समोर आहे. जुन्नरातल्या हसनच्या घरात, बाहेरच्या खोलीत, दोन खिळ्यांवर आडवी. खाली मी बसलोय, हातात चहाची कपबशी. हसन आत नमाज पढतोय. आणि ती बया भिंतीवरून माझ्याकडे बघतेय, एखाद्या जुन्या शेजारणीनं बघावं तशी. तिच्या कमरेला काकवीच्या रंगाच्या तातेचे वेढे आहेत, एकाला एक चिकटून. अजून तसेच. माझे दात गेले, हसनचे गुडघे गेले, पण ते वेढे सुटले नाहीत.

पूर्वी या गल्लीत शिरायच्या आधी हे घर ऐकू यायचं. टंऽव, टंऽव, टंऽव. हसनचे वडील इमामचाचा पिंजारी. आढ्याला दोरीनं टांगलेली माणसाएवढी कमान, तिला आतड्याची ताणून बसवलेली तात, आणि चाचांच्या उजव्या हातात डमरूच्या आकाराचा लाकडी ठोकळा. ठोकळा तातेवर बसला की खालचा दबलेला, काळवंडलेला, कुणाच्या तरी आजाऱ्याच्या गादीतला कापूस एकदम जिवंत होऊन उडायचा. खोलीभर पांढरं धुकं. त्या धुक्यात चाचा, चाची, हसन, त्याच्या बहिणी, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. चाचा आंघोळ करून बाहेर आले की दहा वर्षांनी लहान दिसायचे. मला लहानपणी वाटायचं की चाचांना एक म्हातारा भाऊ आहे आणि तो फक्त कामाच्या वेळी येतो.

हसन बाराव्या वर्षापासून तो ठोकळा चालवत होता. त्याचं मनगट तिथं तयार झालं. पुढं मोठमोठ्या लोकांनी त्याच्या मनगटाबद्दल मोठमोठं लिहिलं म्हणे. मी ते मनगट गादीचा कापूस उडवताना पाहिलंय. तो चेंडू घेऊन निघाला की हॉकी डावीकडं-उजवीकडं अशी चालायची की डोळे मिटले तर चाचांची कमानच ऐकू यावी. समोरचा गडी चेंडूकडं बघत राहायचा आणि हसन त्याच्या पाठीमागं असायचा.

हॉकी गावात एकच, ही. हसनचा मामा खडकीला एका पलटणीतल्या साहेबाकडं खानसामा होता. साहेब कायमचा विलायतेला गेला तेव्हा मागं एक हॉकी राहिली, ती मामानं भाच्याला दिली. बाकी आम्ही दहा जण बाभळीच्या वाकड्या फांद्यांवर भागवायचो. साल काढलेली ओली बाभूळ हातात धरली की दोन दिवस तळव्याला तुरट वास. मैदान म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचा माळ. एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला बाजरी. चेंडू बाजरीत गेला की खेळ थांबायचा आणि आम्ही कोवळी कणसं खायचो.

मी गोलकीपर. माझे पॅड गोणपाटाचे, आत पेंढा भरलेला. बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात आमचा एक सामना झाला. सोमवारी बाजार उठल्यावर माळ मोकळा होतो म्हणून संध्याकाळी तिथं खेळायचं ठरलेलं. पण एक व्यापारी आपला खिलारी बैल घेऊन मागं राहिला होता. सामना रंगात आला, मी गुडघ्यात वाकून डोळ्यांत तेल घालून उभा, आणि त्या बैलानं मागून येऊन माझ्या डाव्या पॅडमधला पेंढा ओढून खायला सुरुवात केली. मी इकडून ओढतोय, तो तिकडून ओढतोय. तेवढ्यात गोल झाला. माझ्या आयुष्यातला तो एकच गोल, ज्याचं खापर मी दुसऱ्यावर फोडू शकलो.

पण त्याच सामन्यात हसननं चार गोल मारले. शेणातून, खुरांच्या खड्ड्यांतून, दाव्याच्या खुंट्यांमधून चेंडू काढून. तो बैल घ्यायला पुण्याहून आलेले एक गृहस्थ सौदा अर्धा टाकून बघत उभे राहिले. ते पूर्वीचे खेळाडू निघाले. बैल त्यांनी घेतला की नाही ठाऊक नाही. हसनचा पत्ता मात्र घेतला.

आणि भाद्रपदात पोस्टकार्ड आलं. ‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता खडकीच्या मैदानावर हजर राहावे. येथून निवडलेले खेळाडू देशाच्या संघाच्या शिबिरास जातील. स्वतःची हॉकी आणावी.’

ते कार्ड गल्लीत इतक्या हातांतून फिरलं की शाई पुसट झाली. पोस्टमन दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत आला, कार्डात काय होतं ते पुन्हा वाचायला. त्या दिवशी चाचांच्या कमानीचा आवाज दुप्पट लयीत चालला होता. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, “आज इमामभाईंच्या कापसाचं काय खरं न्हाई.”

आता ही हॉकी माझ्या घरी कशी? तर हसन तिला जवसाचं तेल पाजायचा. तेल लावलेली हॉकी पिंजाऱ्याच्या घरात ठेवली की तिला कापूस चिकटायचा, आणि सकाळी ती मेंढीच्या पायासारखी दिसायची. म्हणून ती आमच्या माजघरात, जात्याच्या मागं. घरभर जवसाच्या तेलाचा वास. माझ्यावर फक्त ती सांभाळायची जबाबदारी होती. सांभाळणं म्हणजे काही न करणं. तेवढं मला जमायला हवं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन पूजेला मांडायची. वडिलांचा नांगराचा फाळ, विळे, कोयता, कुऱ्हाड, पहार. आई म्हणाली, “हसनची हॉकी बी ठेव पुजंला. त्याचं त्येच हत्यार हाये. पर्वा लढायला जायचंय पोराला.”

आईनं ‘ठेव’ म्हटलं होतं. ‘धू’ म्हटलं नव्हतं. हा फरक मला पुढं पुष्कळ लोकांनी समजावून सांगितला.

माझ्या मनात मात्र भलतंच भरतं आलेलं. देशाच्या संघात जाणारी हॉकी, आणि तिच्यावर केवढा हा काळा थर! फाळ घासला, विळे घासले, त्याच हातानं, त्याच राखेनं हॉकी घेतली. वर्षानुवर्षांचं तेल काही निघेना, म्हणून बंबाचं कढत पाणी. दोन घागरी. निघालं हो! खालून अशी पांढरीस्वच्छ हॉकी निघाली, जशी नुकतीच नाहून आलेली. उन्हात वाळवली, झेंडूची माळ घातली, हळदीकुंकवाची बोटं ओढली. फाळ आणि कुऱ्हाड यांच्या मधोमध ती अशी शोभत होती की मी तीनदा आत जाऊन बघून आलो. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं. म्हणून ती तिथं रात्रभर शांतपणे उकलत राहिली आणि कुणाला कळलं नाही.

दसऱ्याला दुपारी हसन सोनं घेऊन आला. खिशात आपट्याची पानं, अंगात इस्त्रीचा सदरा, भुवया काळ्या. आईच्या पाया पडला, मला मिठी मारली, आणि पूजेतून हॉकी उचलून, सवयीनं, जमिनीवर एकदा टेकवली.

फट्ट.

तडकलेल्या मडक्याचा आवाज. मूठ त्याच्या हातात राहिली आणि फळी जमिनीवर. मुठीची वेताची पाचर जिथं लाकडात बसवलेली असते, तिथला सरस पाण्यानं इरघळून गेला होता.

हसननं फळी उचलली आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले.

“काय केलं रं हिला?”

“धुतली.”

“धुतली?”

“कढत पाण्यानं.”

“आन् साबण?”

“साबण न्हाई लावला,” मी म्हणालो, जरा बाजू सावरत. “राख लावली.”

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ओट्यावर जाऊन बसला आणि आपट्याचं पान बोटांत चुरत राहिला. बाहेर पोरं सोनं लुटत पळत होती. झेंडू, तेलात तळल्या जाणाऱ्या कडाकण्या, खळ लावलेल्या नव्या कपड्यांचा वास. कार्डावर लिहिलेलं मला तोंडपाठ होतं. स्वतःची हॉकी आणावी. उद्या तीन वाजता. जुन्नरात दुसरी हॉकी नाही. नारायणगावात नाही, मंचरात नाही. बाभळीची फांदी घेऊन देशाच्या निवडीला जाता येत नाही.

“चल,” हसन उठला. “अब्बाला दाखवू.”

चाचांच्या घरी त्या दिवशी सारं स्वच्छ होतं. तेही दसऱ्याला अवजार धरत नसत. “त्येला बी एक दिस इसावा पायजे,” म्हणायचे. कमान झाडून-पुसून टांगलेली. तिला चारच दिवसांपूर्वी नवी तात चढवलेली होती, कारण दसरा झाला की थंडीच्या गाद्या-रजया सुरू व्हायच्या, आणि तेच त्यांचे सुगीचे दिवस.

चाचांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. वास घेतला. पाचरेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं पाहिलं.

“तू धुतलीस?”

“व्हय चाचा.”

“चांगली धुतलीस,” ते म्हणाले. “पाप बी निघून ग्येलं असंल तिचं.”

मग त्यांनी सुताराकडून सरसाचे खडे आणवले आणि चुलीवर पाण्याच्या भांड्यात वितळायला ठेवले. सरस शिजल्याचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. खूर, कातडं आणि जळका गूळ. चाचीनं नाकाला पदर लावला. सरस लावून पाचर बसवली, तरी चाचा मान हलवत राहिले. “नुसता सरस एका दिसात काय धरत न्हाई. वरनं आवळाया पायजे.” सुतळी बघितली, नको. तार बघितली, नको. आणि मग त्यांची नजर वर गेली.

हसन ताडकन म्हणाला, “अब्बा, ती नको.”

“का?”

“हंगामाचं दिस हायेत.”

“मग? कापूस काय पळून चाल्लाय का?”

त्यांनी कमानीच्या टोकाचा फासा सोडला. ताणलेली कमान सैल होताना असा आवाज आला, जसा डोक्यावरचा भारा टाकल्यावर माणसाच्या तोंडून निघतो. मी जन्मल्यापासून ती कमान तातेशिवाय पाहिली नव्हती. ती एकदम नुसती काठी झाली.

तात पाण्यात भिजवली. यातली करामत अशी की ओली आवळली की वाळताना ती आणखी आवळते. मी खाली बसून फळी दोन्ही पायांत धरली, हसननं मूठ धरली, आणि चाचा वेढे घालू लागले. एकेक वेढा ओढताना त्यांच्या कपाळाची शीर फुगायची. शेवटची गाठ मारून झाल्यावर त्यांनी हॉकी माझ्या हातात दिली.

“चुलीपाशी धरून बस, लांबनं. पर पुसू नको, फुकू नको, कायबी करू नको. जमंल?”

मी काहीही केलं नाही. त्या संध्याकाळी मी जितकं मन लावून काही केलं नाही, तितकं आयुष्यात पुन्हा कधी केलं नाही.

सकाळी चाचांनी वेढ्यांवर नखानं टिचकी मारली. टंव.

यष्टीत मी हॉकी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर आडवी घेतली. नारायणगावपर्यंत रस्ता असा की दात दातावर आपटायचे; मी तिला प्रत्येक खड्ड्याला वर उचलून धरायचो. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि डोकावून म्हणाला, “बाळंतीण कुठाय, पावणं?” सबंध गाडी हसली. हसन हसला नाही. मंचर गेलं, खेड गेलं, तो खिडकीबाहेर बघत मांडीवर बोटांनी ताल धरून होता. डावं-उजवं, डावं-उजवं.

खडकीचं मैदान बघून मी हरखलोच. सपाट! एक दगड नाही. कडेला चुन्याच्या रेघा, गोलाला जाळी. खेळाडूंच्या अंगात कोरे बनियन, पायांत बूट. हसनच्या पायांत कॅनव्हासचे, एकाला सुतळीची नाडी. अंपायरच्या हातात एक लोखंडी कडं होतं. प्रत्येकाची हॉकी त्यातून पार गेली तरच खेळायची, नाहीतर जाड म्हणून बाद. एकेक हॉकी सुळकन जात होती. हसनची घातली. वेढ्यांपर्यंत आली आणि अडकली.

“हे काय बांधलंय?” अंपायर म्हणाले.

मी दोरीच्या पलीकडं होतो. मला तिथंच राहायला सांगितलेलं होतं. मी दोरीखालून आत घुसलो.

“साहेब, त्याची चूक न्हाई. मी धुतली.”

“काय धुतलं?”

“हॉकी.”

“कशासाठी?”

“पूजेसाठी.”

मैदानावरचे बावीसही गडी आमच्याकडं बघत होते. अंपायरनी चष्मा वर केला. “आपण कोण?”

“गोलकीपर.”

“असं होय,” ते म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

तोवर हसन खाली बसला होता. अडकत होती ती फक्त शेवटची गाठ. त्यानं गाठीचं वर राहिलेलं टोक दातांत धरलं, कचकन तोडलं आणि गाठ अंगठ्यानं वेढ्याखाली दाबली. अंपायरनी पुन्हा कडं घातलं. माझं काळीज त्या कड्यात होतं. खर्र, खर्र, खर्र… आणि पार!

सामना सुरू होताना त्या काळी बुली असायची. दोघं समोरासमोर, आधी जमिनीवर टेकवायची, मग एकमेकांच्या हॉकीवर ठोकायची, असं तीनदा, आणि मग चेंडू ज्याचा त्याचा. समोरचा गडी चांगला सहा फुटी, मनगट माझ्या पोटरीएवढं. जमीन, हॉकी. मी डोळे मिटले. जमीन, हॉकी. सांधा धरला. जमीन, हॉकी! त्याच्या हॉकीचा आवाज टक. आमच्या हॉकीचा टंव. सरळ जुन्नरच्या गल्लीतून आलेला.

आणि मग चेंडू हसनचा झाला. तो झालाच.

काय सांगू! त्या सपाट मैदानावर चेंडू खुंट्याला अडत नव्हता, शेणात रुतत नव्हता. हसनला म्हणजे दार उघडं मिळालं. एकाला डावीकडून, दुसऱ्याला उजवीकडून, तिसऱ्याला कुठून ते मला अजून कळलेलं नाही. टंव, टंव, टंव. कापूस उडतोय तसे गडी उडत होते. गोलासमोर आला, हॉकी उचलली, मी ओरडलो “हळूऽऽ!” आणि त्यानं सगळ्या ताकदीनं हाणली. गोलाच्या मागच्या फळीवर धाड! मी पुन्हा दोरीखालून आत. या खेपेला अंपायरनी शिट्टी वाजवून मला बाहेर काढलं. पण हसताना दिसले.

निवडलेल्यांची नावं मैदानावरच वाचली. हसनचं तिसरं. तो माझ्याकडं आला, हॉकी पुढं केली आणि वेढ्यांवर हात ठेवून म्हणाला, “सुटलं न्हाई.” बस, एवढंच. तिथून बाहेर पडून आम्ही चाचांसाठी नवी तात घ्यायला पेठेत गेलो. मी म्हणालो, मी आणतो, तू बस. आणली. जुन्नरात आल्यावर चाचांनी पुडी सोडली आणि बघतच राहिले. मी सतारीची तार आणली होती. “ह्येनं काय गाणं पिंजू?” चाचा म्हणाले. खरी तात येईपर्यंत आठ-दहा दिवस ती कमान गप्प होती, आणि गल्लीतल्या लोकांच्या रजया उशिरा झाल्या. जो तो मला रस्त्यात गाठून सांगायचा की थंडी वाजतेय.

पुढं निळा कोट आला. खिशावर देशाचं नाव. तो घालून हसन घरी आला आणि तासाभरात कोट मेंढीसारखा झाला. पुढं बोटी आल्या, विमानं आली, परदेशी तिकिटांची पत्रं आली. एकात लिहिलं होतं, ‘हितं गवत लई मऊ हाये. बैल न्हाईत. तुजं पॅड हितं टिकलं आसतं.’ नारायणगावच्या हॉटेलात रेडिओभोवती आम्ही पन्नास माणसं दाटीनं उभे राहायचो, भजी तळल्याचा धूर डोळ्यांत, आणि खरखरीतून हसनचं नाव आलं की सगळ्यांचे हात वर. मी म्हणायचो, “ऐका, ऐका! तात वाजली!” हॉटेलवाला म्हणायचा, “भाऊ, त्यो रेडिओ बिघाडलाय.” पण मला ऐकू यायचं. शप्पथ.

परदेशात नव्या हॉक्या मिळाल्या, तरी दर दसऱ्याला ही हॉकी चाचांकडून नवे वेढे घालून घ्यायची. पूजेतही असायची. फक्त त्या दिवशी आई मला बंबाजवळ फिरकू द्यायची नाही.

मग कापूस पिंजायचं मशीन आलं आणि कमान आढ्याला नुसती लटकून राहिली. मग चाचा गेले. शेवटचे वेढे त्यांच्या हातचे, म्हणून नंतर कुणी ते सोडले नाहीत. माळावर घरं झाली. बाजरी नाही, कणसं नाहीत, टंऽव नाही. आता हसनच्या भुवया पांढऱ्या आहेत आणि आंघोळ केली तरी पांढऱ्याच राहतात.

मी उठलो. हळूच हात वर करून वेढ्यांवर नखानं टिचकी मारली. आवाज आला. बारीक, पण आला! मी एवढा खूश झालो की काय करावं सुचेना. चहा संपला होता, म्हणून कपबशी उचलली आणि विसळायला मोरीकडं निघालो.

आतून हसनची बायको लगबगीनं बाहेर आली. तिनं माझ्या हातातून कपबशी काढून घेतली.

“ऱ्हाऊ द्या भाऊजी. तुमी धुतलेलं आमच्या घरात पुन्ना जोडावं लागतं.”